आहारातील वसा, रक्तक्लथन व हृद्‌रोग

आहारातील वसा, रक्तक्लथन व हृद्‌रोग : तेल, तूप, लोणी, प्राण्यांची चरबी इ. स्निग्ध पदार्थांना शास्त्रीय परिभाषेत ‘वसा’ म्हणतात. आहारातील वसांचा हृद्‌रोहिणी विकाराशी (हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या विकाराशी) दोन वेगळ्या मार्गांनी संबंध येतो. वसांच्या प्रकारानुसार रक्तातील कोलेस्टेरॉलाचे प्रमाण कमीजास्त होते व त्याचा परिणाम रोहिणीच्या भित्तीवर अनेक वर्षांत होतो; हा पहिला मार्ग होय. रक्तातील बिंबाणू (रक्तस्राव थांबविण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म चकत्या) व क्लथन घटक यांच्यावर वसांचा परिणाम होऊन रक्त गोठण्याची प्रवृत्ती बदलते. हा दुसरा मार्ग होय. पहिल्या मार्गाने रोहिणी अरुंद होते, तर दुसऱ्या मार्गाने ती काही मिनिटांत पूर्णपणे बंद पडू शकते. विसाव्या शतकात बराच काळ पहिल्याच मार्गाकडे लक्ष दिले गेले. कोलेस्टेरॉल कमी करणारे तेल हृद्‌रोग्याचे रक्षण करणारच, असे त्या काळी गृहीत धरले जाई. हे गृहीतक कसे रूढ झाले व प्रत्यक्ष रोग्यांवरील चाचण्यांत ते कितपत टिकले, याचा इतिहास पुढे दिला आहे. [→ कोलेस्टेरॉल, रक्तक्लथन].

मूळ कल्पना : रोहिणीच्या आतील अस्तराखाली मेदयुक्त पदार्थ साचून ती जाड व कठीण होते. या अवस्थेस रोहिणी विलेपी विकार म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या विकाराच्या कारणाविषयी दोन मते प्रचलित होती. व्हिएन्ना येथील विकृतिवैज्ञानिक कार्ल फोन रोकिटान्स्की यांच्या मते रक्तातील पदार्थ भित्तीवर थर रूपाने बसतात व त्यांपासून विलेप (लेपासारखी गाठ) तयार होतो. रूडोल्फ फिरखो या जर्मन विकृतिवैज्ञानिकांच्या मते विकाराचा आरंभ भित्तीतच दाहासारख्या प्रक्रियेने होतो व मेद तेथे नंतर साचतो. पुढील काळात ‘भित्ती’ व ‘गुठळी’ यांविषयी जो वाद झाला, त्याचे बीज या दोन मतांत आढळते.

कोलेस्टेरॉल हे नाव शव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८१५ च्या सुमारास पित्ताश्मापासून मिळविलेल्या पदार्थाला दिलेल्या नावावरून आले आहे. आडोल्फ व्हिंडाउस यांनी १९१० मध्ये विकारग्रस्त महारोहिणीत निरोगी महारोहिणीपेक्षा कोलेस्टेरॉल कित्येक पटींनी जास्त असते, असे दाखविले. सेंट पीटर्झबर्ग येथे निकोलाय अनिच्‌कॉव्ह व खलातॉव्ह यांनी १९१३ मध्ये सूर्यफुलाच्या तेलात विरघळविलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या रोहिण्यांत विलेप निर्माण झाले. नुसते तेल दिलेल्या सशांत ते आढळले नाहीत. हा प्रयोग पुढील सर्व संशोधनाचा पाया ठरला. मात्र कुत्रा, उंदीर यांसारख्या प्राण्यांवर तसाच परिणाम सहज होत नसल्यामुळे सशासारख्या शाकाहारी प्राण्यावरून मनुष्याविषयी अनुमान काढावे किंवा कसे, याबद्दल अनेकांना शंका होती.

याच सुमारास म्हणजे १९१२ मध्ये शिकागो येथील वैद्य जेम्स हेरिक यांनी हृद्‌रोहिणी गुठळीने अचानक बंद पडल्यास उद्‌भवणाऱ्या लक्षणांचे वर्णन प्रसिद्ध केले व अशा प्रसंगी रोगी वाचूही शकतो, हे दाखवून दिले. अशा रीतीने एका दशकातच विलेप व गुठळी या दोन्ही गोष्टी वैद्यकापुढे आल्या. परंतु त्यांचा अभ्यास करणारे वर्ग बहुधा निरनिराळे राहिले.

कोलेस्टेरॉल सिद्धांताचा उत्कर्ष : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९४०–४५) जर्मन अंमलाखालील नॉर्वेत लोणी, मांस व इतर स्निग्ध पदार्थांची टंचाई झाली. त्या वर्षांत तेथील रक्ताभिसरणाच्या विकारांनी होणारे मृत्यू घटले व युद्धानंतर ते पुन्हा वाढले, असे १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळून आले. ही घट इतक्या लवकर झाली की, जुने विलेप विरून गेल्यामुळे ती झाली असे म्हणणे कठीण होते. रक्ताच्या गोठण्यात काही बदल झाला असावा, असा तर्क त्यामुळे पुढे आला. तथापि त्या काळात धूम्रपान, श्रम, एकूण आहार इ. बाबीही बदललेल्या होत्या.

जॉन गॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये अतिवेगी केंद्रोत्सारण यंत्राच्या साहाय्याने रक्तातील वसाप्रथिने घनतेनुसार वेगळी केली. कोलेस्टेरॉल रक्तात या वसाप्रथिनांच्या स्वरूपात वाहून नेले जाते. १९५२ नंतर किन्सेल, आरेन्स, ब्रॉन्ट-स्ट्यूअर्ट इ. संशोधकांच्या नियंत्रित आहार प्रयोगांत, प्राणिज वसांऐवजी वनस्पतिज किंवा माशांची तेले दिल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होते, असे दिसून आले. अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक एन्सल कीझ यांनी व स्वतंत्रपणे मार्क हेग्स्टेड यांनी हे परिणाम सूत्रबद्ध केले. संतृप्त वसाम्लांमुळे कोलेस्टेरॉल जेवढे वाढते, त्याच्या साधारण निम्म्याने ते तेवढ्याच बहु-असंतृप्त वसाम्लांमुळे घटते व अन्नातील कोलेस्टेरॉलाचा परिणाम त्या मानाने अल्प असतो, असे या सूत्रांवरून दिसते. कीझ यांच्या नेतृत्वाखाली १९५८ मध्ये सुरू झालेल्या सात देशांच्या पाहणीत ४० ते ५९ वर्षे वयाच्या १२,७६३ पुरुषांचा अंतर्भाव होता. संतृप्त वसांचे सेवन, रक्तातील कोलेस्टेरॉल व हृद्‌रोगाचे मृत्यू हे तिन्ही निरनिराळ्या समूहांत एकमेकांबरोबर वाढतात, असे तीत आढळले.

रक्तक्लथनाकडे लक्ष : ब्रिटनमधील काही संशोधकांचे मत मात्र वेगळे होते. विकृतिवैज्ञानिक जे. बी. ड्यूगिड यांनी १९४६ मध्ये रोकिटान्स्की यांच्या मताचे पुनरुज्जीवन केले आणि ज्यांना विलेप समजले जाते त्यांपैकी कित्येक भित्तीत सामावून गेलेल्या जुन्या गुठळ्याच असतात, असे दाखविले. जे. एन. मॉरिस यांनी लंडन हॉस्पिटलमधील सु. चाळीस वर्षांच्या शवपरीक्षांच्या नोंदी तपासून १९५१ मध्ये असे निदर्शनास आणले की, त्या काळात हृद्‌रोहिणी विकाराचे मृत्यू कित्येक पटींनी वाढले असले, तरी रोहिण्यांतील विलेपांची तीव्रता वाढलेली नव्हती. विलेप तेवढेच व मृत्यू मात्र अधिक, याचा अर्थ गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढली असावी, असा होत होता.

आहार व क्लथन यांचा संबंध तपासण्यासाठी जे साधन वापरले गेले, त्याचा भारताशी संबंध आहे. घोणस या भारतीय सापाच्या विषाने रक्त त्वरित गोठते. लंडन येथे १९३४ मध्ये आर. जी. मॅक्‌फार्लेन यांनी हीमोफिलिया (रक्त न गोठण्याचा आनुवंशिक विकार) झालेल्या रोग्यांचा रक्तस्राव थांबविण्यासाठी या विषाचा विरल विद्राव वापरला होता. हाच विद्राव पुढे परीक्षानळीत रक्ताचा क्लथन काल मोजण्यासाठी उपयोगात आला. ॲबर्डीन येथे एच. डब्ल्यू. फुलर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये स्निग्ध जेवणानंतर रक्तद्रव दुधाळ होतो त्या वेळी हा क्लथन काल कमी होतो, असे दाखविले. तथापि आतड्यातून वसा वाहून आणणाऱ्या सूक्ष्म कणांतील फॉस्फोलिपिडे परीक्षानळीतील विक्रियेस मदत करतात म्हणून असे होते, हे लवकरच कळून आले. परीक्षानळीतील हा बदल जिवंत रोहिणीतही घडतो असे त्यावरून सिद्ध होत नव्हते. त्यामुळे क्लथनाचा विचार काही काळ मागे पडला. कोलेस्टेरॉल मोजणे सोपे होते व तेच आकडे पुन्हा पुन्हा मिळत. क्लथन प्रवृत्ती मोजणे अवघड होते व तिचे आकडे दर तासाला बदलत. कोणत्या सिद्धांताचा पाठपुरावा अधिक झाला, यामागे मापनाची ही सोयही एक कारण होते.

रोग्यांवरील पहिल्या चाचण्या : कोलेस्टेरॉल कमी केल्यास ज्यांना एकदा हृद्‌स्नायू अभिकोथ (रक्तपुरवठा तुटल्यामुळे हृदयाच्या स्नायूंचा काही भाग मृत होणे) झाला आहे अशा रोग्यांचे आयुष्य वाढते काय, हा प्रश्न १९५५ नंतर प्रत्यक्ष चाचण्यांनी सोडविण्याचे प्रयत्न सुरू झाले. ऑस्लो येथे पॉल लेरेन यांनी ४१२ पुरुष रोग्यांची पाच वर्षे चाचणी घेतली व १९६६ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. निम्म्या रोग्यांना संतृप्त वसा कमी व सोयाबीन तेल भरपूर असलेला आहार दिला होता. त्यांचे कोलेस्टेरॉल लक्षणीय घटले व हृद्‌विकाराचे पुनरावर्तनही कमी झाले. सोयाबीन तेलात लिनोलीइक अम्लाबरोबर ओमेगा-३ गटातील लिनोलेनिक अम्लही असते व या रोग्यांच्या आहारात मासेही होते, या गोष्टींना त्या वेळी फारसे महत्त्व दिले गेले नाही.

लंडनमध्ये १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत ८० रोग्यांचे तीन गट केले होते : नेहमीचा आहार, ऑलिव्ह तेल व मक्याचे तेल. मक्याच्या तेलाने कोलेस्टेरॉल घटले. परंतु दोन वर्षांनी पुन्हा झटका न येता हयात असलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या आहाराच्या गटात ७५ टक्के, ऑलिव्ह तेलाच्या गटात ५७ टक्के व मक्याच्या तेलाच्या गटात ५२ टक्के होते. रोग्यांची संख्या लहान असल्यामुळे तेल अपायकारक ठरले असे म्हणता येत नव्हते. ते उपकारक असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही.

सर्वांत बोलका अनुभव ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील चाचणीचा होय. १९६६ ते १९७३ या काळात ३० ते ५९ वर्षे वयाच्या ४५८ पुरुष हृद्‌रोग्यांचे यदृच्छ पद्धतीने दोन गट करण्यात आले. एका गटाला संतृप्त वसांऐवजी करडईचे तेल व त्यापासून बनविलेले मार्गारीन देण्यात आले. महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या कोरडवाहू भागात पिकणाऱ्या करडईच्या तेलात लिनोलीइक अम्लाचे प्रमाण सु. ७५ टक्के असते व ओमेगा-३ वसाम्ले जवळजवळ नसतात. या गटाचे कोलेस्टेरॉल दुसऱ्या गटापेक्षा अधिक घटले; मृत्यू मात्र अधिक झाले. १९७८ च्या अहवालात एकूण मृत्यू नमूद केले असले, तरी हृद्‌रोगाने झालेले मृत्यू वेगळे दाखविलेले नव्हते. जुनी माहिती पुन्हा मिळवून २०१३ मध्ये ख्रिस्तोफर रॅम्स्‌डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे विश्लेषण केले, तेव्हा करडई गटात १७·६ टक्के व तुलना गटात ११·८ टक्के रोगी मरण पावल्याचे आणि हा फरक मुख्यतः हृद्‌रोगाच्या मृत्यूंमुळे पडल्याचे आढळले. मार्गारीनमधील काही घटक अपायकारक असावेत किंवा ओमेगा-३ वसाम्लांवाचून लिनोलीइक अम्लाचा अतिरेक बाधला असावा, अशी याची दोन स्पष्टीकरणे देण्यात येतात. रोग्याच्या रक्ताचा आकडा सुधारणे व रोगी वाचणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे मात्र या चाचणीवरून निर्विवादपणे दिसून आले.

भारतातील निरीक्षणे : भारतातही याच सुमारास सर्वमान्य मताशी न जुळणारी माहिती पुढे आली. मुंबई येथे पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय सेवेत असलेले एस्. एल्. मल्होत्रा यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदींचा अभ्यास १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. दक्षिण भारतातील कर्मचाऱ्यांत हृद्‌रोहिणी विकाराने होणारे मृत्यू उत्तर भारतातील कर्मचाऱ्यांच्या जवळजवळ सातपट होते. वस्तुतः उत्तरेकडील आहारात वसा कितीतरी अधिक होत्या व त्या मुख्यतः दूधतुपातून मिळत. दक्षिणेकडे बियांची तेले वापरली जात. मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये दोन प्रदेशांतील लोकांच्या रक्तक्लथनाचीही आहाराच्या संदर्भात तुलना केली. व्यवसाय, राहणी, निदानाच्या सोयी इ. अनेक बाबतींत या लोकांत फरक असल्याने केवळ या नोंदींवरून तूप हितकर ठरत नाही. परंतु वसांचे एकूण प्रमाण पाहून धोका ठरविता येत नाही, हे त्यांवरून दिसते.

वनस्पती तुपाचा प्रश्न भारताच्या दृष्टीने अधिक निकडीचा होता. द्रव तेलाचे हायड्रोजनीकरण करून ते घट्ट करण्याची कृती व्हिल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये शोधून काढली. मुंबईतील शिवडी येथे १९३० नंतरच्या दशकात अशा तुपाचा मोठा कारखाना निघाला व साजूक तुपाचा स्वस्त पर्याय म्हणून ते देशभर पसरले. अपुऱ्या हायड्रोजनीकरणात ट्रान्स वसाम्ले तयार होतात. मेन्सिंक व काटान या डच संशोधकांनी १९९० मध्ये असे दाखविले की, ही वसाम्ले अपायकारक (कमी घनतेच्या) वसाप्रथिनातील कोलेस्टेरॉल वाढवितात व हितकर (जास्त घनतेच्या) वसाप्रथिनातील कोलेस्टेरॉल घटवितात. वनस्पतीजन्य वसा म्हणजे निर्धोक वसा, ही समजूत त्यामुळे खोटी ठरली. डेन्मार्कने २००३ मध्ये अन्नातील औद्योगिक ट्रान्स वसांवर कायद्याने मर्यादा घातली. भारतात जानेवारी २०२२ पासून तेले व वसा यांतील त्यांची कमाल मर्यादा २ टक्के करण्यात आली.

बिंबाणू व ओमेगा-३ वसाम्ले : क्लथनाचा प्रश्न १९७० नंतर नव्या स्वरूपात पुढे आला. स्वीडनमध्ये बेंग्ट सॅम्युएल्सॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये बिंबाणूंना एकत्र गोळा करणारे थ्राँबॉक्सेन हे द्रव्य ओळखले. ब्रिटनमध्ये जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत १९७६ मध्ये रोहिणीच्या अस्तरात तयार होणारे व बिंबाणूंना एकत्र येऊ न देणारे प्रोस्टासायक्लिन सापडले. ही दोन्ही द्रव्ये शरीर ॲराकिडॉनिक अम्लापासून बनविते व ते अम्ल आहारातील लिनोलीइक अम्लापासून तयार होऊ शकते. अशा प्रकारे आहारातील वसेपासून गुठळीपर्यंतची रासायनिक साखळी प्रथमच स्पष्ट झाली. बॅरिस्ट्रम, सॅम्युएल्सॉन व व्हेन यांना या क्षेत्रातील कार्याबद्दल १९८२ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. [→ प्रोस्टाग्लँडिने].

डॅनिश वैद्य हान्स ओलाफ बांग व यॉर्न डायरबर्ग यांनी १९७० पासून ग्रीनलंडमधील इन्युइट लोकांच्या रक्ताचा अभ्यास केला. सील, देवमासा व मासे यांवर राहणाऱ्या या लोकांचा आहार अतिशय स्निग्ध होता. त्यांच्या बिंबाणूंत ॲराकिडॉनिक अम्लाची जागा बऱ्याच अंशी माशांच्या तेलातील ओमेगा-३ वसाम्लांनी घेतलेली होती. १९७९ मधील त्यांच्या मोजणीप्रमाणे इन्युइटांत जखमेचा रक्तस्राव थांबण्यास सु. ८ मिनिटे, तर डॅनिश लोकांत सु. ५ मिनिटे लागत. इन्युइटांत हृद्‌रोग फारच विरळा असतो, या समजुतीला आधारभूत असलेल्या नोंदी मात्र अपुऱ्या होत्या, असे नंतरच्या परीक्षणांत दिसून आले.

गुठळीचे प्रत्यक्ष महत्त्वही याच काळात सिद्ध झाले. डीवुड यांनी १९८० मध्ये झटका आल्यापासून चार तासांच्या आत हृद्‌रोहिण्यांची क्ष-किरण चित्रे घेतली, तेव्हा ८७ टक्के रोग्यांत रोहिणी पूर्णपणे बंद असल्याचे आढळले. १९८८ मध्ये १७,१८७ रोग्यांवरील एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, बिंबाणूंना आवर घालणाऱ्या ॲस्पिरिनाने पाच आठवड्यांतील रक्तवाहिनीजन्य मृत्यू सु. २३ टक्क्यांनी घटले. कोलेस्टेरॉलावर ॲस्पिरिनाचा असा काही परिणाम होत नाही. लंडनजवळील नॉर्थविक पार्क येथील अभ्यासात (१९८६) रक्तातील फायब्रिनोजेन व सातवा क्लथन घटक यांचे वाढलेले प्रमाण हृद्‌रोगाच्या धोक्याशी निगडित असल्याचे आढळले. स्निग्ध जेवणानंतर हा सातवा घटक अधिक क्रियाशील होतो व त्यात वसेच्या प्रकारापेक्षा तिच्या प्रमाणाचा भाग मोठा असतो, असे पुढील संशोधनात दिसले.

नंतरच्या चाचण्या : वेल्समध्ये मायकेल बर यांनी झटक्यातून बरे झालेल्या २,०३३ पुरुषांवर केलेल्या चाचणीत (१९८९) आठवड्यातून किमान दोनदा तेलकट मासे खाण्याचा सल्ला मिळालेल्यांत दोन वर्षांतील मृत्यू २९ टक्क्यांनी कमी झाले, त्यांचे कोलेस्टेरॉल मात्र घटले नव्हते. फ्रान्समधील लीआँ येथे सेर्झ रनो व मिशेल द लोर्झरिल यांनी ६०५ रोग्यांवर केलेल्या चाचणीत (१९९४) भूमध्यसागरी धर्तीच्या, लिनोलेनिक अम्लयुक्त आहाराच्या गटात हृद्‌रोगाने ३, तर दुसऱ्या गटात १६ मृत्यू झाले. दोन्ही गटांतील कोलेस्टेरॉल जवळजवळ सारखेच होते. रनो यांचे पूर्वीचे संशोधन बिंबाणूंवरील असल्यामुळे हा परिणाम क्लथनाद्वारे झाला असावा, असा त्यांचा कयास होता. तथापि मृत्यूंची संख्या लहान होती व चाचणी नियोजित काळापूर्वी थांबविण्यात आली होती. इटलीतील ११,३२४ रोग्यांवरील चाचणीत (१९९९) रोज सु. १ ग्रॅम ओमेगा-३ वसाम्लांनी मृत्यू घटले. परंतु तो लाभ हृदयाची लय सुरक्षित राहिल्याने झाला असावा, असे मानण्यात येते. याउलट २००३ मध्ये हृद्‌शूलाच्या ३,११४ पुरुषांवरील वेल्समधील दुसऱ्या चाचणीत माशांच्या सल्ल्याने लाभ झाला नाही. नव्या औषधांच्या काळातील अनेक चाचण्यांतही ओमेगा-३ चा लाभ अल्प किंवा नगण्य दिसून आला आहे.

दुसऱ्या बाजूने कोलेस्टेरॉल सिद्धांतालाही भक्कम आधार मिळाला. ब्राउन व गोल्डस्टाइन यांनी १९७३ पासून केलेल्या संशोधनामुळे कमी घनतेचे वसाप्रथिन यकृताच्या कोशिका रक्तातून कसे उचलतात, हे समजले (नोबेल पारितोषिक, १९८५). १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृद्‌रोग्यांवरील चाचणीत सिंव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलरोधक औषधाने एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. म्हणजे कोलेस्टेरॉलाचे महत्त्व खोटे ठरले नाही; ते कोणत्या उपायाने घटविले व त्या उपायाचे इतर कोणते परिणाम झाले, यावर रोग्याचे हिताहित अवलंबून असते, हे स्पष्ट झाले. [→ रोहिणी विलेपी विकार].

आजचे मत : विलेप कोलेस्टेरॉलामुळे वाढतो, तो फुटतो किंवा त्यावर चीर पडते व त्या जागी गुठळी होऊन रोहिणी बंद पडते, असे आता सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यामुळे फिरखो व रोकिटान्स्की या दोघांच्याही मतांत तथ्यांश होता, असे म्हणावे लागते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणानुसार संतृप्त वसा दीर्घकाळ कमी केल्यास हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रसंग सु. १७ टक्क्यांनी घटतात. एकूण मृत्युसंख्येवर मात्र स्पष्ट परिणाम दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये आहारातील एकूण ऊर्जेपैकी संतृप्त वसाम्लांपासून १० टक्क्यांपेक्षा व ट्रान्स वसाम्लांपासून १ टक्क्यापेक्षा अधिक ऊर्जा घेऊ नये, असे सुचविले आहे. हृद्‌रोग्याच्या दृष्टीने एकाच तेलाचा अतिरेक टाळणे, वनस्पती तूप व पुनःपुन्हा तापविलेले तेल वर्ज्य करणे, सोयाबीन, मोहरी, जवस किंवा मासे यांतून ओमेगा-३ वसाम्ले मिळविणे व एका वेळचे जेवण अतिस्निग्ध नसणे हे युक्त होय. क्लथनावर होणारा आहाराचा परिणाम औषधांच्या मानाने सौम्य असतो; म्हणून ॲस्पिरीन, इतर क्लथनरोधक औषधे किंवा स्टॅटिने घेणाऱ्या रोग्याने एखाद्या तेलाच्या भरवशावर ती वैद्याच्या सल्ल्यावाचून बंद करणे धोक्याचे ठरते.